अडतीस पुस्तकांची पौर्णिमा

मित्रांनो, क्षणभर एक कल्पना करा. समोर एक भला मोठा कागद आहे. त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून हजारो चौकटी पाडल्या आहेत. त्यातल्या एका चौकटीत तुम्ही बसला आहात. तुमच्या ओळीत एक नाव लिहिलेले आहे. ते नाव अगदी वरच्या ओळीपासून तुमच्या ओळीपर्यंत कितव्यांदा आले, एवढेच तुम्ही सांगायचे. पहिल्यांदा आले तर एक म्हणायचे, दुसऱ्यांदा आले तर दोन. काम सोपे वाटते ना? पण वर कोणी मध्येच एक नवी ओळ घुसवली, एखादे नाव खोडले, की तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. मांडी घालून निवांत बसायची सोय नाही. आकडा सांगून होतो न होतो, तोच तो बदलायची तयारी ठेवायची.

मी असाच जगतो. मी एक जुना रकाना आहे. संगणकातल्या एका तक्त्यात माझे घर आहे. पहिला रकाना तारखेचा, दुसरा नावाचा, तिसरा पुस्तकाचा आणि चौथा मी. माझ्या डोक्यावर ‘कितवे’ असे लिहिले आहे. माझ्यानंतर शेऱ्याचा रकाना आहे, पण त्यात सहसा कोणी काही लिहीत नाही.

आमचा संगणक केळझरच्या पुढच्या फाट्यावरून आत गेलेल्या एका गावात आहे. तिथे ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत मुलांचे वाचनालय चालते. ते नत्थूजींनी सुरू केले. नत्थूजी म्हणजे निवृत्त शिक्षक. मुले त्यांना आबाजी म्हणतात. कोणत्या मुलाने किती पुस्तके वाचली याची नोंद ते पूर्वी वहीत ठेवत आणि महिन्याच्या शेवटी बोटांवर मोजत बसत. मध्येच कोणी हाक मारली की मोजणी विसरत आणि पुन्हा पहिल्या पानावर जात.

त्यांची नात समीक्षा वर्ध्याला कॉलेजात शिकत होती. एका सुट्टीत तिने वहीचा तक्ता संगणकात उतरवला आणि माझा जन्म झाला. माझ्या पहिल्या चौकटीत तिने एकच सूचना लिहिली. नावाच्या रकान्यातली सर्वांत वरची चौकट खिळा ठोकल्यासारखी पक्की धरायची, ती जागची हलू द्यायची नाही. खालची चौकट मात्र ओळीबरोबर सरकू द्यायची. खिळ्यापासून सरकत्या चौकटीपर्यंत हे नाव किती वेळा आले ते मोजायचे आणि आकडा लिहायचा. मग तिने माझ्या पहिल्या चौकटीचा कोपरा धरून मला सरळ खाली ओढले. बघता बघता मी चारशे ओळी लांब झालो. रोशनीपुढे एक, रत्नदीपपुढे एक, पुन्हा रोशनी आली तर दोन, पुन्हा आली तर तीन.

“आबाजी, आता तुमाले बोटं मोजाचं काम नाई,” समीक्षा म्हणाली.

“मंग मी करू काय रिकामा बसून?”

“पुस्तकं वाचा. लोकाइले वाचाले लावता अन् सोता पेपराच्या पुढं जात नाई.”

नत्थूजी हसले. त्यांनी चष्मा पुसून माझ्यावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, “लय इमानदार दिसते हा.” माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

या वाचनालयाचा एक नियम मला फार आवडत असे. इथे आडनाव लिहायचे नाही. पुस्तक नेताना प्रत्येक मुलाने आपली ओळ स्वतः टाइप करायची, पण नाव फक्त आपले. कोणी सवयीने पूर्ण नाव सांगू लागला, की नत्थूजी म्हणत, “आडनाव बाहेर ठेवजो रे बाबू, चपलेसंग.” गावात आडनाव कळले की घर कोणत्या टोकाला आहे ते कळते. घर कळले की माणसे पुढचे बरेच काही न विचारताच ठरवून टाकतात. नत्थूजींनी चाळीस वर्षे शाळेत हजेरी घेताना हे पाहिले होते. त्यांना निदान एक खोली अशी हवी होती, जिथे हजेरीत नुसती मुले असतील. त्यामुळे माझ्या शेजारी फक्त नावे असत. रोशनी, नागसेन, रत्नदीप, पौर्णिमा. मी ती मोजत असे आणि मला त्यात काही कमी वाटत नसे.

दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नत्थूजी नवी पुस्तके आणायला सकाळच्या एसटीने वर्ध्याला जात. जून ते जानेवारीत ज्याच्यापुढे माझा सर्वांत मोठा आकडा असेल, ते मूल त्यांच्याबरोबर जाई. दुकानात उभे राहून दहा पुस्तके स्वतः निवडायची, मोठ्यांनी त्यात बोलायचे नाही. त्या दहा पुस्तकांसाठी मुले वर्षभर धडपडत. दर जूनला जुन्या ओळी दुसरीकडे ठेवून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई. खिडकीपाशी उभे राहून कुजबुजत, “तुये किती झाले? माये अकरा.” तो आकडा मीच दिलेला असे. खरे सांगतो, मला त्याचा थोडा गर्व झाला होता.

पुढे समीक्षाला नागपूरला नोकरी लागली. संगणकाची देखभाल स्वप्निल नावाचा तरुण करू लागला. तो भला होता, पण फार घाईत असे. एके दिवशी तक्ता बघून तो म्हणाला, “हा रकाना काऊन ठेवला बाप्पा? आकडे नुसते नाचून राह्यले. शेवटचा आकडा तर दुसऱ्या पानावर येतेच.” आणि त्याने मला लपवून टाकले. पुसले नाही, फक्त माझी रुंदी नाहीशी केली. मित्रांनो, लपवलेला रकाना मरत नाही. तो अंधारात मोजतच राहतो. बाहेर कोणाला माझी एकही चौकट दिसत नव्हती. प्रत्येक नावापुढचा माझा सर्वांत मोठा आकडा तेवढा दुसऱ्या पानावर जाई, आणि तिथून स्वप्निल तो भिंतीवरच्या फळ्यावर लिही.

आता त्या वर्षाची गोष्ट सांगतो. ती आठवली की माझे आकडे आजही जागेवर ठरत नाहीत.

गावातल्या कोकिळाबाईंची मुलगी पौर्णिमा सातवीत होती. ती सेलूच्या शाळेत एसटीने जाई, म्हणून वाचनालयात फक्त रविवारी येई. रविवारी नत्थूजी बसत. जूनअखेर गावात मेघा नावाच्या बाई अंगणवाडीत नोकरीला आल्या. त्या समुद्रपूरकडच्या. त्यांच्याबरोबर त्यांची सासू तानाबाई आणि सहावीतली मुलगी आली. त्या मुलीचे नावही पौर्णिमाच. पण घरात आणि गल्लीत तिला सगळे छोटी म्हणत. ती गावातल्याच शाळेत जाई आणि दर बुधवारी वाचनालयात येई. बुधवारी वाचनालयात मदत करणाऱ्या रुख्माबाई खोली उघडत. रुख्माबाईंना छोटी माहीत होती, नत्थूजींना मोठी. दोघींची घरे गावाच्या दोन टोकांना होती.

दोघी आपापल्या दिवशी येत आणि नियमाप्रमाणे नुसते ‘पौर्णिमा’ टाइप करत. मी काय करणार? माझ्यापुढे तीच अक्षरे, तोच क्रम. मोजताना मी अक्षरे जुळवतो, माणसे बघत नाही. बुधवारी मी बारा म्हटले, रविवारी तेरा, पुढच्या बुधवारी चौदा. जानेवारीत फळ्यावर लिहिले गेले: पौर्णिमा अडतीस. तिच्याखाली नागसेन, एकवीस.

एका टोकाला मोठ्या पौर्णिमेचे मामा वासुदेवराव यांनी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या टोकाला मेघाबाईंनी शेवयांची खीर करून शेजारी दिली. या टोकाला त्या टोकाचा पत्ता नव्हता.

मला हे सगळे कळले ते शनिवारच्या दुपारी. दुसऱ्या दिवशी वर्ध्याला जायचे होते. मोठी पौर्णिमा एकटीच संगणकापुढे बसून आणायच्या पुस्तकांची यादी टाइप करत होती. नत्थूजी फाट्यावर एसटीची वेळ विचारायला गेले होते. तेवढ्यात दारात छोटी आली.

“ताई, आबाजी नाईत का?”

“फाट्यावर गेले. काऊन?”

“फळ्यावर चुकलं आहे. माये चोवीस पुस्तकं झाले अन् अडतीस लिहिले. चौदा जास्त.”

मोठीची बोटे थांबली. “तुये?”

“हो, माये. पौर्णिमा. मी दारामागं खडूनं रेघा मारते न, एकएक पुस्तक झालं की. कालच्याले पुन्हा मोजल्या. चोवीसच आहेत.”

“तुयं नाव तर छोटी आहे.”

“ते घरचं. शाळेत पौर्णिमा.” छोटीने जरा थांबून हळू आवाजात विचारले, “चोवीस केले तरी मीच पहिली राहीन न ताई? नागसेनचे एकवीस आहेत.”

मोठीने वळून फळ्याकडे पाहिले.

“माया आजीनं औंदा वाचाले शिकलं,” छोटी सांगू लागली. “तानाबाई नाव आहे तिचं. पण तिले बारीक अक्षर दिसत नाई. इथं मोठ्या अक्षराचं एकच पुस्तक आहे अन् ते तिचं तीनदा वाचून झालं. तिनं मले म्हटलं, दहातले चार तरी मोठ्या अक्षराचे आणजो. तू सांगशील आबाजीले चौदा कमी कराले? उद्या एसटीत सांगाची मले लाज वाटन.”

“सांगते,” मोठी म्हणाली. छोटी पळत गेली. तिला उद्याच्या फ्रॉकला बटन लावून घ्यायचे होते.

खोलीत कोणी नव्हते. आपली अडतीस पुस्तके झाली नाहीत, हे मोठीला ठाऊक नव्हते असे नाही. पंधरा दिवसांपासून ते तिला टोचत होते. परत आणून पुन्हा नेलेले पुस्तक संगणक दोनदा मोजत असेल, असे तिने मनाशी धरून ठेवले होते. पेढे वाटून झाल्यावर विचारायचे तरी कसे, म्हणून तिने कोणाला विचारले नव्हते.

तिने तक्ता उघडला. वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरे असतात. ए, बी, सी, आणि नंतर एकदम ई. ती अडखळली. मधले डी कुठे गेले? सी आणि ई हे दोन्ही रकाने धरून तिने वेगवेगळ्या खुणा दाबून पाहिल्या, आणि दीड वर्षानंतर मी उजेडात आलो.

पौर्णिमा एक. पौर्णिमा दोन. पौर्णिमा तीन. तिची नजर माझ्यावरून खाली सरकत होती आणि शेजारच्या रकान्यात तिने कधी हातातही न घेतलेली पुस्तके होती. तारखा पाहिल्यावर तर सगळेच उघड झाले. रविवार तिचे, बुधवार छोटीचे. तिने रविवार मोजले. चौदा.

मित्रांनो, त्या वेळी मला कमालीचे अस्वस्थ वाटले. मला ओरडून सांगायचे होते, की चूक माझी आहे, तुझी नाही. पण रकान्याला आकड्याखेरीज वाचा नसते, आणि माझा आकडा तर अजून अडतीसच म्हणत होता. तिने तक्ता बंद केला असता तरी उद्या सकाळी एसटीत तीच बसली असती. छोटी एसटीच्या दारात उभी राहिली असती, तर कोणीतरी म्हणाले असते, पोरी, ती दुसरी पौर्णिमा. आणि तिथेच सगळे मिटले असते.

तेवढ्यात लाईट गेली. बॅटरीचा डबा टीं-टीं करू लागला. तो फार तर दहा मिनिटे दम धरतो, मग संगणक बंद पडतो. मोठीने एकदा दाराकडे पाहिले, एकदा फळ्याकडे. मग ती पहिल्या बुधवारच्या ओळीवर गेली आणि पौर्णिमा या नावापुढे तिने एक शब्द जोडला. ‘पौर्णिमा मेघा’.

माझ्यासाठी ते नवे नाव होते. मी त्याच्यापुढे एक लिहिले. आणि त्याच क्षणी खालच्या सगळ्या पौर्णिमा एकाने खाली आल्या. शेवटच्या ओळीत अडतीसचे सदतीस झाले.

दुसरा बुधवार. ‘पौर्णिमा मेघा’ दोन. शेवटी छत्तीस.

ती एकेक ओळ बदलत गेली. डबा टीं-टीं करत होता. माझ्यात एका बाजूने एक मुलगी चढत होती आणि दुसऱ्या बाजूने दुसरी उतरत होती. इतकी धावपळ मी जन्मात केली नव्हती. तीस. सत्तावीस. एकवीसवर आली तेव्हा ती थबकली. नागसेनच्या बरोबरीला आली होती. तिने ओठ दाबले आणि पुढचा बुधवार बदलला. वीस झाले. शेवटचा बुधवार बदलला तेव्हा छोटीपुढे चोवीस होते आणि मोठीपुढे चौदा. मग तिने आपल्या ओळींत भराभर ‘पौर्णिमा कोकिळा’ लिहिले, तक्ता जतन केला, आणि थोड्याच वेळात पडदा काळा झाला.

मित्रांनो, पडदा बंद असला की मला दिसत नाही, पण खोलीतले ऐकू येते. फळ्यावर फडके फिरल्याचा आवाज आला. मग खडूचा. मग चपला काढल्याचा.

“काय करून राह्यली पोरी? फळा काऊन पुसला?” नत्थूजी होते.

तिने सगळे सांगितले. पेढ्यांचेही सांगितले आणि पंधरा दिवस गप्प राहिल्याचेही. नत्थूजी खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली.

“म्हणजे माया नियमच चुकला म्हण,” ते म्हणाले. “आडनाव असतं तर हे झालंच नसतं. लोक मले सांगतच होते.”

“नाई आबाजी, नियम नाई चुकला,” ती म्हणाली. “आपण आईचं नाव लिहू. आईच्या नावावरून घर कोणत्या टोकाले आहे ते समजत नाई.”

“आईचं.” नत्थूजींनी तो शब्द एकदा तोंडात घोळवला. “चाळीस वर्षं हजेरी घेतली मी. एकदाई नाई सुचलं.” मग त्यांनी विचारले, “घरी काय सांगशील? तुया मामा तर साऱ्या गल्लीले सांगून बसला.”

“चौदा सांगीन.”

“रागावला तर?”

“रागावू द्या. पेढे तर खाऊन झाले.”

नत्थूजींना हसू आले, पण ते फार काळ टिकले नाही. ते उठले. “चल, मेघाच्या घरी जाऊ. त्या पोरीले वेळ सांगाची आहे. सात वाजता फाट्यावर. अन् ते मोठ्या अक्षराचं काय म्हटलं तू, ते रस्त्यानं पुन्हा सांगजो, मी विसरून जाईन.”

मी आता खूप जुना झालो आहे. माझ्या हजारभर ओळी झाल्या आहेत. स्वप्निलने मला पुन्हा लपवले नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मला दाखवतो आणि लपवणारा कोण होता ते सांगत नाही. तुम्हाला माझे एकच मागणे आहे. माझ्यासारखे रकाने तुम्हाला शाळेत भेटतील, दवाखान्यात भेटतील, पुढे नोकरीतही भेटतील. आम्ही मोजायला कंटाळत नाही. मध्यरात्री उठवले तरी मोजू. पण तुम्ही आमच्यापुढे जे ठेवता तेवढेच आम्हाला दिसते. तेव्हा आमचा आकडा मोठ्याने वाचण्याआधी एकदा आमच्या ओळी वाचा. त्यात कोण कोण आहे ते बघा. आम्हाला उघडे ठेवा, आणि आमच्या आकड्यात एखादे मूल दबले तर नाही ना, याची काळजी घ्या. तेवढे डोळे आम्हाला दिलेले नाहीत.

त्या शनिवारी ती दोघे बाहेर पडायला निघाली तेवढ्यात लाईट आली. मोठी पौर्णिमा दारातून मागे फिरली. “आबाजी, एक मिनिट थांबजा,” म्हणाली आणि तिने संगणक सुरू केला. मला वाटले, तिला तो अडतीसचा आकडा अजून एकदा परत आणून पाहायचा असेल. पण ती कपाटापाशी गेली. काही पुस्तके खाली-वर केल्याचा आवाज आला. मग तिने माझ्या तळाशी एक नवी ओळ उघडली, तारीख टाकली, ‘पौर्णिमा कोकिळा’ असे नाव लिहिले, पुस्तकाचे नाव लिहिले आणि हात मागे घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी तिच्यापुढे पंधरा लिहिले.